शालेय अध्ययन-समुदाय व संपर्क-साधने

शालेय अध्ययन-समुदाय व संपर्क-साधने : एकमेकांपासून दूर असलेल्या शाळांतील विद्यार्थी अथवा शिक्षक एखाद्या समान विषयावर परस्परांशी नियमित लेखी, वाचिक वा दृक्‌श्राव्य संपर्क ठेवून शिकतात, तेव्हा त्यांच्या समूहास अध्ययन-समुदाय असे म्हणतात. आज अशा समुदायांचा व्यवहार मुख्यत्वे इंटरनेटवरून चालतो. त्यामुळे ही कल्पना त्या जाळ्याबरोबरच जन्मास आली, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. टपाल, खिळ्यांचे मुद्रण आणि नभोवाणी यांच्या आधाराने असे समुदाय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून उभे राहिले होते. शाळेत एखादे यंत्र आणणे आणि त्या यंत्राद्वारे शाळेस दुसऱ्या कोणाशी बोलते करणे, या दोन भिन्न गोष्टी होत. शैक्षणिक तंत्रविद्येच्या इतिहासात त्यांची वारंवार गल्लत झालेली आढळते. ज्या प्रयोगांत पाठ केवळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला ते बहुधा यंत्राच्या नवलाईबरोबर ओसरले. ज्यांत दुसऱ्या टोकाकडून उत्तर येण्याची सोय होती, ते साध्या साधनांवरही टिकले.

या परंपरेचा आरंभ सामान्यतः सेलेस्तँ फ्रेने (१८९६–१९६६) या फ्रेंच प्राथमिक शिक्षकापासून मानला जातो. पहिल्या महायुद्धात फुप्फुसास झालेल्या जखमेमुळे त्याला वर्गात फार वेळ मोठ्याने बोलणे अशक्य झाले होते. १९२० मध्ये दक्षिण फ्रान्समधील बार-स्युर-लू या डोंगराळ गावी त्याची नेमणूक झाली. शिक्षकाने बोलावे व मुलांनी ऐकावे ही रीत त्याला पेलणारी नव्हती. तेव्हा मुलांनीच बोलावे, लिहावे आणि त्यांचे लिहिणे सर्वांनी वाचावे असा मार्ग त्याने काढला. १९२४ च्या सुमारास त्याने एक लहान हातयंत्र विकत घेतले. मुलांनी स्वतःच्या अनुभवावर लिहावयाचे, त्यातून वर्गाने निवड करावयाची, निवडलेला मजकूर मिळून दुरुस्त करावयाचा आणि मग मुलांनीच खिळे जुळवून तो छापावयाचा, असा क्रम ठरला. खिळे जुळविताना प्रत्येक अक्षर हाताखालून जात असल्याने शुद्धलेखनाचा वेगळा तास घेण्याचे कारण उरले नाही.

छापलेली पाने वर्गातच राहिली असती, तर हा केवळ हस्तव्यवसायाचा एक नमुना ठरला असता. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील त्रेगँ येथील दान्येल या शिक्षकाशी फ्रेनेचा परिचय झाला आणि दोन्ही शाळांत पत्रांची व मुद्रित पानांची नियमित देवघेव सुरू झाली. एकीकडे भूमध्य समुद्रानजीकच्या डोंगरउतारावर राहणारी मुले, तर दुसरीकडे अटलांटिकच्या काठच्या कोळ्यांची मुले. आपल्या गावचे जे दृश्य नित्य परिचयाचे म्हणून लिहिण्याजोगे वाटत नव्हते, तेच दूरच्या वाचकासाठी लिहिताना नीट पाहावे लागे, मोजावे लागे, मोठ्या माणसांना विचारून घ्यावे लागे. भूगोल आणि भाषा हे दोन विषय या व्यवहारात आपोआप एकत्र आले. लेखनाला खरा वाचक मिळणे, हे या पद्धतीचे मर्म होय. पुढील काळातील संगणकीय प्रयोगांनी जे यश मिळविले, त्यातही हाच घटक प्रभावी ठरलेला दिसतो. १९२७ मध्ये तूर येथे मुद्रणयंत्र वापरणाऱ्या शिक्षकांची पहिली परिषद भरली. अशा रीतीने विद्यार्थ्यांच्या पत्रव्यवहारातून शिक्षकांचाही एक समुदाय निर्माण झाला. त्याला विरोध झाला नाही, असे नाही. मुलांनी काय लिहावे व छापावे या प्रश्नावरून १९३२-३३ मध्ये सँ-पॉल या गावी फ्रेनेविरुद्ध मोठे वादळ उठले. त्याला सरकारी शाळा सोडावी लागली व १९३५ मध्ये त्याने व्हाँस येथे स्वतःची शाळा काढली. मुलांचा आवाज शाळेच्या भिंतीबाहेर पोहोचू लागला की तो सर्वांनाच रुचतो असे नाही, याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

टपालाला आठवडे लागत. ज्या प्रदेशात टपालही क्वचित पोहोचे, तेथे हेच कार्य नभोवाणीने केले. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात पशुपालकांच्या वसाहती एकमेकींपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. तेथील मुले पत्रद्वारा येणाऱ्या पाठांवर, आईच्या किंवा घरच्या शिक्षिकेच्या देखरेखीखाली शिकत. आजारी माणसांसाठी विमानाने डॉक्टर पाठविणारी ‘फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ ही संस्था १९२८ मध्ये सुरू झाली आणि आल्फ्रेड ट्रेगर या अभियंत्याने तिच्यासाठी पायाने चालविण्याच्या विद्युत्‌जनित्रावर चालणारा संदेशग्राहक व प्रेषक संच तयार केला. हे संच घरोघर पोहोचल्यावर बायका ठरावीक वेळी त्यांवर एकमेकींशी गप्पा मारीत. गला नावाच्या कलकलाट करणाऱ्या पक्ष्यांवरून त्या वेळेला ‘गला सेशन’ असे गमतीदार नाव पडले होते. या संस्थेच्या कार्यात सहभागी असलेल्या निवृत्त शाळा-तपासनीस ॲडिलेड मिथ्के यांना याच संचावरून मुलांचा वर्ग भरविता येईल, असे सुचले. ८ जून १९५१ रोजी ॲलिस स्प्रिंग्ज येथे ‘स्कूल ऑफ द एअर’चे औपचारिक उद्घाटन झाले.

आरंभी हे पाठ एकतर्फी होते; शिक्षिका बोले व मुले ऐकत. लवकरच पाठाच्या शेवटी प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखण्यात आला आणि शाळेचे स्वरूप बदलले. संच एकाच कंप्रतेवर असल्याने एका मुलाचे उत्तर सर्वांना ऐकू येई. ज्या मुलाने स्वतःच्या भावंडांखेरीज समवयस्क क्वचितच पाहिले होते, त्याला आपल्यासारखीच चूक दुसरे कोणी करते हे प्रथमच कळले. अभ्यासाचा मोठा भाग अजूनही पत्रानेच होत असे. नभोवाणीवर तो पुरा होणे शक्यही नव्हते. ऐकू येणारा वर्ग हा त्या पत्रपाठांना जोडलेला आधार होता. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या शाळेने नभोवाणीऐवजी उपग्रहाद्वारे चालणारा दृक्‌श्राव्य संपर्क स्वीकारला, तरी पत्रपाठ, घरचा मार्गदर्शक आणि प्रत्यक्ष भेटीगाठी ही तिची मूळ चौकट कायम राहिली.

भारतातील या विषयाचा इतिहास सांगताना प्रौढशिक्षणातील एका प्रयोगाचा उल्लेख करणे अपरिहार्य आहे, कारण त्यात जे सिद्ध झाले ते शाळांच्या बाबतीत पुढे विसरले गेले. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम होई, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक गावात पंधरावीस जणांचे मंडळ तो एकत्र ऐके, त्यावर चर्चा करी आणि संयोजक चर्चेचे टिपण व प्रश्न केंद्राकडे धाडी. त्यांतील काही प्रश्नांना पुढील कार्यक्रमांत उत्तरे मिळत. मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते व त्याचे मार्गदर्शन पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाने केले. त्यात केवळ मंडळे असलेली गावे पाहण्यात आली नव्हती, तर रेडिओ आहे पण मंडळ नाही आणि रेडिओच नाही अशी गावेही तुलनेसाठी घेतली होती. मंडळे असलेल्या गावांत ज्ञानात ठळक वाढ झाली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती अगदी अल्प आढळली. ध्वनिक्षेपण तेच, भाषा तीच, विषय तोच. फरक होता तो एकत्र बसून बोलण्याचा आणि उत्तराची अपेक्षा धरता येण्याचा. १९५९ पासून ही योजना देशभर विस्तारण्यात आली.

शालेय प्रक्षेपणांची वाट मात्र वेगळी राहिली. दिल्लीत १९६१ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने माध्यमिक शाळांसाठी दूरचित्रवाणीचे पाठ सुरू झाले. प्रयोगशाळा व विज्ञानशिक्षक यांचा तुटवडा भरून काढणे हा त्यांचा हेतू होता आणि पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांचे प्रयोग पडद्यावर दाखविण्यात त्यांचा उपयोगही झाला. पुढचे मोठे पाऊल म्हणजे उपग्रहाद्वारे केलेला शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘साइट’ या नावाने ओळखला जातो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाद्वारे आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांपर्यंत कार्यक्रम पोहोचविण्यात आले. महाराष्ट्रातील खेडी त्यात नव्हती. मात्र मुलांसाठीचे विज्ञानविषयक कार्यक्रम भारतीय अवकाश संशोधन संघटनेच्या मुंबईतील कलागृहात तयार झाले. रोज सकाळी प्रत्येक भाषेला साडेबावीस मिनिटे मिळत. शाळेच्या परीक्षांतील गुणांवर या कार्यक्रमांचा लक्षणीय परिणाम आढळला नाही. मुलांची भाषा व जिज्ञासा यांत मात्र वाढ दिसून आली. याच प्रयोगात दोन हप्त्यांत मिळून सु. ४८,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचे बारा दिवसांचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यात दूरचित्रवाणीबरोबर नभोवाणी, छापील साहित्य व प्रत्यक्ष कृती यांची जोड होती. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘साइट’चा शाळांच्या दृष्टीने सर्वांत विचारपूर्वक आखलेला भाग हाच होता. उपग्रह वर्षभरच उपलब्ध असल्याने तो पुढे चालू राहिला नाही.

त्याच सुमारास मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, यंत्रांचा जवळजवळ काहीच आधार न घेता, एक अध्ययन-समुदाय आकार घेत होता. रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर व बनखेडी तालुक्यातील किशोर भारती या दोन संस्थांनी १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांत प्रयोगाधारित विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक त्यात सहभागी झाले. १९७८ मध्ये कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात पसरला आणि १९८२ मध्ये त्याची जबाबदारी ‘एकलव्य’ या नव्या संस्थेकडे आली. मुलांनी स्वस्त साहित्याच्या पेटीतून प्रयोग करावेत, निष्कर्ष स्वतः लिहावेत आणि परीक्षेला पुस्तक जवळ बाळगावे, ही त्याची बाह्य लक्षणे सर्वपरिचित आहेत. त्याचा कणा मात्र दुसराच होता. शाळांच्या गटासाठी एक ‘संगम केंद्र’ असे. तेथे शिक्षक महिन्यातून एकदा जमत, कोणता प्रयोग वर्गात फसला व का, याची चर्चा करीत, आणि त्या चर्चेवरून पाठ्यपुस्तकातील मजकूर बदलला जाई. खेड्यातील शिक्षकाच्या तक्रारीवरून पुस्तकातील प्रकरण पुन्हा लिहिले जावे, ही गोष्ट भारतीय शिक्षणपद्धतीत सहसा घडत नाही.

मुलांसाठी ‘सवालीराम’ होता. हे एक कल्पित पात्र. कोणत्याही मुलाने मनात येईल तो प्रश्न सवालीरामला पत्राने विचारावा आणि त्याला टपालाने उत्तर मिळावे, अशी व्यवस्था होती. पाठ्यक्रमातले प्रश्न येत, तसेच पाठ्यक्रमात न मावणारेही येत. उत्तर लिहिणाऱ्यांना स्वतः शोध घ्यावा लागे. संगणकाच्या जाळ्याद्वारे पुढे ‘तज्ज्ञांना विचारा’ अशा ज्या अनेक सेवा निघाल्या, त्यांची सर्व अंगे या पोस्टकार्डांच्या व्यवहारात दिसतात. इतकेच की येथे प्रश्न विचारणाऱ्या मुलाची शाळा व तिथला शिक्षक उत्तर देणाऱ्याच्या ओळखीचे असत. कार्यक्रम १५ जिल्ह्यांतील शाळांपर्यंत गेला होता. जुलै २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. तीस वर्षे चाललेली संगम केंद्रे त्याबरोबर मोडली. पुस्तके जपून ठेवता येतात; महिन्याला एकत्र येण्याची सवय ठेवता येत नाही.

संगणकाच्या साहाय्याने परस्पर संपर्क साधण्याचा प्रारंभ अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झाला. तेथे डॉनल्ड बिट्झर (१९३४–२०२४) याने १९६० मध्ये ‘प्लेटो’ ही अध्यापनाची संगणक-यंत्रणा सुरू केली. विद्यार्थ्याने पडद्यापुढे एकट्याने बसावे, यंत्राने प्रश्न विचारावा, उत्तर तपासावे व पुढील पाठ द्यावा, अशी तिची मूळ कल्पना. १९७३ मध्ये यंत्रणेतील दोष कळविण्यासाठी ‘नोट्स’ ही आज्ञावली डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिली. वापरणाऱ्यांनी थोड्याच दिवसांत तिच्यावर दोषांखेरीज जगातील सर्व विषयांची चर्चा आरंभिली. व्यक्तिगत शिक्षणासाठी बांधलेले यंत्र लोकांनी आपण होऊन एकमेकांशी बोलण्यासाठी वापरले, ही घटना शैक्षणिक तंत्रविद्येच्या नियोजकांनी जितक्या गांभीर्याने घ्यावयास हवी होती तितकी घेतली नाही.

शाळांच्या पातळीवर हे सूत्र १९८० नंतरच्या दशकात पुन्हा हाती आले. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘दे ओरिया आ ओरिया’ म्हणजे ‘या काठापासून त्या काठापर्यंत’ या प्रकल्पाने प्वेर्तो रीको व अमेरिकेतील द्वैभाषिक वर्ग ई-मेलने जोडले. त्याच्या प्रवर्तकांनी आपली पद्धती फ्रेनेपासून घेतल्याचे स्पष्ट सांगितले आहे. त्याच्याप्रमाणेच येथेही दोन शिक्षकांची जोडी, दोन वर्गांची देवघेव आणि एकत्र तयार केलेले नियतकालिक होते. खिळ्यांची जागा संगणकाने व पोस्टाची जागा दूरध्वनीच्या तारेने घेतली होती. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या आणि ती विसरत चाललेल्या मुलांना ती भाषा लिहिण्याचे निमित्त यामुळे मिळाले. १९८८ मध्ये न्यूयॉर्क राज्य व मॉस्को येथील प्रत्येकी बारा शाळा संगणकाने जोडण्यात आल्या. शीतयुद्ध अजून संपले नव्हते. या उपक्रमातून पुढे ‘आयअर्न’ ही आंतरराष्ट्रीय संघटना निघाली व १९९४ मध्ये तिची पहिली परिषद अर्जेंटिनातील प्वेर्तो माद्रिन येथे भरली.

‘नॅशनल जिऑग्राफिक किड्‌स नेटवर्क’ (१९८९) हा प्रकल्प अधिक शास्त्रीय वळणाचा होता. केंब्रिज, मॅसॅचूसेट्स येथील टर्क या संस्थेने तो सिद्ध केला. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांनी आपल्या गावच्या पावसाच्या पाण्याची आम्लता मोजावयाची, आकडे मोडेमने मध्यवर्ती संगणकाला पाठवावयाचे आणि सर्व शाळांचे आकडे दर्शविणारा नकाशा परत मिळवावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. प्रत्येक वर्ग दहापंधरा वर्गांच्या एका पथकाचा सदस्य असे व एक व्यावसायिक वैज्ञानिक पत्रांद्वारे सर्वांशी संपर्क ठेवी. या प्रकारच्या प्रकल्पांचा जो आढावा टर्कमधील संशोधकांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला, तो विलक्षण प्रांजळ आहे. आकडे गोळा करण्यात व पाठविण्यात वर्गांचा बहुतेक वेळ गेला, आकड्यांचा अर्थ लावण्यास तो उरला नाही. दूरच्या वर्गांशी झालेल्या पत्रव्यवहारापेक्षा वर्गातल्या वर्गात, शिक्षकाने हाताळलेल्या चर्चेतून मुले अधिक शिकली, असा त्याचा आशय आहे. स्वतः उभारलेल्या वास्तूविषयी असे लिहिणारे स्थापत्यविशारद थोडे. या निष्कर्षामुळे दूरच्या समुदायाचे महत्त्व नाहीसे होत नाही; वर्गातील समुदाय आधी असावा लागतो, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते.

भारतात संगणक शाळेत आला तो वेगळ्या विचाराने. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने संगणक-साक्षरतेचा ‘क्लास’ हा प्रकल्प २५० शाळांत सुरू केला आणि ब्रिटनमध्ये बीबीसीच्या मोहिमेसाठी बनविलेले सूक्ष्मसंगणक त्यांना पुरविले. यंत्रे एकमेकांना जोडलेली नव्हती. सोबतचे बरेचसे अध्यापन-साहित्य ब्रिटिश शाळांसाठी इंग्रजीत केलेले होते. संगणकाची खोली कुलूपबंद ठेवण्याची जी प्रथा पुढे अनेक शाळांत रूढ झाली, तिचे मूळ याच काळात शोधावे लागते; महागड्या वस्तूची जबाबदारी शिक्षकावर, पण तिचे काय करावे हे त्याला विचारणारे कोणी नाही, अशी त्याची अवस्था होती. याच वर्षी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही राज्यस्तरीय संस्था स्थापन झाली. इन्सॅट उपग्रहावरून प्रक्षेपित होणारे मुलांसाठीचे मराठी कार्यक्रम तिने तयार केले आणि शाळेत दूरचित्रवाणी संच नसलेल्या मुलांनीही ते घरी पाहिले. एका पिढीच्या स्मरणात तिचे नाव आपुलकीने टिकून आहे. निधीअभावी ती २०१७ मध्ये बंद करण्यात आली. केवळ शिक्षणासाठी सोडलेल्या ‘एज्युसॅट’ (२० सप्टेंबर २००४) या उपग्रहात दुतर्फा संपर्काची क्षमता होती; त्याची सेवा २०१० मध्ये संपली.

शिक्षकाला वगळून मुलाच्या हाती थेट यंत्र द्यावे, असा एक प्रवाह शतकाच्या वळणावर प्रबळ झाला. १९९९ मध्ये दिल्लीतील कालकाजी येथे सुगत मित्र यांनी झोपडपट्टीलगतच्या भिंतीत संगणक बसविला आणि मुले तो एकमेकांना दाखवीत शिकतात असे नोंदविले. प्रत्येक मुलाला एक संगणक देण्याच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात या लहानशा वस्तीवरील एकशिक्षकी शाळेत झाला. पेरूमध्ये हीच मोहीम राष्ट्रीय प्रमाणावर राबविली गेली. तेथे ३१९ ग्रामीण शाळांचा यादृच्छिक निवडीने अभ्यास करून आंतर-अमेरिकन विकास बँकेने २०१२ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार गणित व भाषा यांतील प्रगतीवर यंत्रांचा परिणाम आढळला नाही. त्या शाळांपैकी फारच थोड्या इंटरनेटला जोडलेल्या होत्या. मित्र यांच्या नंतरच्या कार्यात दूरस्थ माणसाला पुन्हा स्थान मिळाले, ही बाब लक्षणीय आहे. ब्रिटनमधील स्वयंसेवक, त्यांपैकी अनेक निवृत्त शिक्षक, २००९ पासून भारतीय मुलांशी पडद्यावरून गप्पा मारू लागले. २०१३ च्या टेड पुरस्काराच्या रकमेतून उभारलेल्या केंद्रांपैकी एक सातारा जिल्ह्यातील फलटण येथे होते.

शिक्षकांच्या समुदायाला धरून चालणारा मार्ग केरळने पत्करला. २००१ मध्ये सुरू झालेल्या त्या राज्याच्या शालेय संगणक-प्रकल्पात शिक्षकांतूनच प्रशिक्षक निवडले गेले, मुक्त आज्ञावली स्वीकारण्यात आली आणि २००९ मध्ये शाळांनी स्वतः मलयाळममध्ये लिहावयाचा ‘स्कूलविकी’ हा कोश निघाला. गावचा इतिहास, शाळेच्या आठवणी, बोलीतील शब्द अशा नोंदी त्यात मुले व शिक्षक करतात. फ्रेनेच्या मुलांनी छापलेल्या पानांशी त्याचे नाते सहज ध्यानी येते.

महाराष्ट्रात अशी चळवळ एका योजनेतून न येता शिक्षकांच्या खटपटीतून वाढली. ज्ञानरचनावादी पद्धतीचे वर्ग पाहण्यासाठी साताऱ्याजवळील कुमठे बीटातील जिल्हा परिषद शाळांना राज्यभरातून शिक्षक भेटी देऊ लागले. जून २०१५ मध्ये शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा पाहिलेल्या गोष्टींची छायाचित्रे व टाचणे व्हॉट्सॲपवरील गटांतून गावोगाव फिरत होती. फळ्यावर काय लिहिले, खडे व काड्या कशा मांडल्या, कोणत्या मुलाचे कोठे अडले, हे एका तालुक्यातील शिक्षकाने दुसऱ्या तालुक्यातील शिक्षकाला त्याच संध्याकाळी सांगावे, हे पूर्वी केंद्र-संमेलनाखेरीज शक्य नव्हते. अर्थात याच गटांवर पुढे माहिती मागविणारे कार्यालयीन आदेश येऊ लागले आणि अनेक ठिकाणी चर्चेचा आवाज त्यांखाली दबला, हेही नमूद केले पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोडचा वापर केला आणि विविध देशांतील, विशेषतः परस्परांशी वैर असलेल्या देशांतील, विद्यार्थ्यांना पडद्यावरून एकत्र आणले. त्यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. त्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाला आणि पाठ्यपुस्तकांतील कोडांद्वारे त्यावरील साहित्य मुलांपर्यंत जाऊ लागले.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि जे पूरक होते ते एकाएकी सर्वस्व झाले. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६·५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६७·६ टक्के झाले. परंतु फोन असलेल्या घरांतीलही सु. २६ टक्के मुलांना तो वापरावयास मिळत नव्हता; घरात एक फोन, तो कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात, आणि उरलेल्या वेळी थोरल्या भावंडाचा हक्क. ज्या शिक्षकांचे मुलांशी व पालकांशी आधीपासून बोलणे होते, त्यांनी स्वाध्याय लिहून घरोघर नेले, ओट्यांवर चारपाच मुलांचे वर्ग भरविले आणि फोनचा उपयोग निरोपापुरता केला. जेथे असे नाते नव्हते तेथे दुवे पाठविण्यापलीकडे फारसे काही घडले नाही. त्या वर्षीच्या जुलैत पालघर जिल्ह्यातील डांडवळ व आसपासच्या आदिवासी गावांत एका स्वयंसेवी संस्थेने ध्वनिमुद्रित पाठ ध्वनिवर्धकावरून ऐकविले. इंटरनेट नसलेल्या त्या गावांत मुले अंतर राखून झाडाखाली बसत, आणि पाठ ऐकण्यासाठी काही पालकही येऊन उभे राहत. राज्याच्या ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, तर पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून पुन्हा भरविण्यास शासनाने परवानगी दिली. तेव्हा दुसरीत बसणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी शाळेची खोली आतून पाहिलेली नव्हती.